काठावरचा बांबू

नयन हाक मारत नाही. संध्याकाळपासून माझ्या डोक्यात एवढं एकच घोळतंय. तो मुका नाही, घुम्याही नाही. चांगला बोलतो, लोकांच्या नकला करतो, बापाची तर हुबेहूब करतो. पण अडचणीत सापडला की त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. आणि माझा हा मुलगा सध्या पैनगंगेवर आहे, एका लाकडी डोंग्यात, एकटा. निदान आज सकाळपर्यंत तरी डोंग्यात होता. संध्याकाळी नदीकाठच्या गावातून देवरावभाऊंचा फोन आला. "बाई, डोंगा हाये घाटाखाली. पोरगा काई दिसला नाई."

सकाळी पाहतो म्हणाले. मी बरं म्हटलं.

आता घर शांत झालंय. बाहेर वणीच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जाताहेत आणि प्रत्येक ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते. एरवी मला ते ऐकूही येत नाही. झोप लागत नाही, म्हणून नयनबद्दल जे आठवतं ते पहिल्यापासून लिहीत बसले आहे. बाकी काही करण्यासारखं नाही.

तो लहान असताना दिवाळीनंतर आम्ही केळापूरला माझ्या माहेरी गेलो होतो. माझे वडील, ज्यांना सगळं गाव नानाजी म्हणतं, त्यांच्यासोबत हा शेतात गेला. नानाजी हरभऱ्याला पाणी देत होते. हा विहिरीच्या काठावर चिंचोके उडवत होता, आणि पडला. मोटरच्या पाईपाला धरून गळाभर पाण्यात तसाच राहिला. नानाजी हाकेच्या अंतरावर होते. एक हाक मारली असती तरी धावत आले असते. ते मोटर बंद करायला आले तेव्हा त्यांना खाली दोन डोळे दिसले. पोराचे ओठ निळे पडले होते.

वर काढल्यावर नानाजींनी आधी एक चापट दिली आणि मग छातीशी धरलं. "अबे, आवाज काहून नाई देल्ला?"

"तुमी कामात होते न," नयन म्हणाला.

हे वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं विनोद म्हणून चाललं. जेवायला वाढायला उशीर झाला की याचे बाबा म्हणायचे, तुमी कामात होते न. मीही हसायचे. आज संध्याकाळपासून तेच वाक्य कानात आहे.

बारावीनंतर त्याने शिक्षण सोडलं. मी बी.ए. झालेली, घरी शिकवण्या घेणारी बाई. मला वाईट वाटलं, पण मी फारसं बोलले नाही. चंद्रपूर रोडला ट्रकचं एक यार्ड आहे, तिथे ट्रक रंगवणाऱ्या उस्तादाकडे तो जाऊ लागला. आधी डबे धुणं, मग पट्टे मारणं, मग अक्षरं, मग चित्रं. मोर, कमळ, गाय-वासरू. आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचा तो ठरलेला देखावा: दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, खालून निघालेली निळी नदी, काठाला एक झोपडी आणि एक नारळाचं झाड. नयनचा हात इतका सफाईदार झाला की ड्रायव्हर लोक थांबून राहायचे, पण याच्याकडूनच रंगवून घ्यायचे. कोणी म्हटलं, तर केबिनमध्ये आरशाच्या वर त्याच्या मुलीचं नाव बारीक अक्षरात लिहून द्यायचा. वणीतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी ट्रकांमध्ये अशी नावं आहेत.

मग स्टिकर आले. छापलेला मोर आणायचा, मागचा कागद सोलायचा, चिकटवायचा. यार्डातलं काम आटलं. पण हे मला नयनने सांगितलं नाही. तो रोज डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी डबा धुऊन आणायचा. एकदा भाजीबाजारात उस्ताद भेटले. "भाभी, नयन को बोलो कभी आके मिले. बहुत दिन हो गए," ते म्हणाले. मी मेथीची जुडी हातात धरून उभी राहिले. मग हा रोज जातो कुठे? नंतर कळलं, निर्गुडा नदीच्या काठी बसतो. नुसता बसतो, पाण्याकडे बघत.

मी घरी आले आणि काही विचारलं नाही. विचारलं तर त्याला लाज वाटेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी डब्यात एक पोळी जास्त घातली.

मागच्या उन्हाळ्यात पाटणबोरीच्या अंगाला, पैनगंगेकाठच्या एका गावात त्याला मारुतीचं देऊळ रंगवायचं काम मिळालं. चार दिवसांचं काम, तो पंधरवडाभर राहिला. आला तेव्हा काळा पडलेला आणि बोलका. जेवताना त्याने सांगायला सुरुवात केली. तिथे बळीराम भोई म्हणून म्हातारा आहे. त्याची पोरं आता पत्र्याचे डोंगे वापरतात. त्याचा जुना, एका खोडातून कोरलेला डोंगा करंजाच्या झाडाखाली पालथा पडलेला आहे. तो डोंगा दुरुस्त करून नयन पैनगंगेतून खाली येणार, थेट ती वर्धेला मिळते तिथपर्यंत.

"कायले?" याच्या बाबांनी विचारलं.

नयनने भाताचा घास तसाच धरला. "बाबा, मी हजार तरी ट्रकवर नदी काढली असंन. उस्तादनं शिकोली तशी. ते नदी कुठून येते, कुठं जाते, मले नाई मालूम. अन् ते नारळाचं झाड. आपल्या अख्ख्या जिल्ह्यात नदीच्या काठाले नारळ पायला का तुमी?"

"म्हणजे नारळ नाई हे पाह्यले तू डोंग्यातून जाशीन?"

"हो," नयन म्हणाला. हे हसले, मी हसले, तोही हसला. पण तो जाणार हे मला तेव्हाच कळलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पाऊस संपून नदी निवळेपर्यंत तो थांबला. मग एका जुन्या ट्रकची ताडपत्री आणून तिची लांबच लांब पट्टी कापली आणि तिचं गुंडाळं केलं. रोज जेवढी नदी बघेल तेवढी त्यावर रंगवायची, पट्टी उलगडत न्यायची. रंगही विकतचे घेणार नाही म्हणाला. गेरू, चुना, काठावरची माती, आणि काळ्यासाठी आपला वणीचा कोळसा.

सोडायला आम्ही दोघं गेलो. मी भाकरी, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, अमृतांजन असं बरंच नेलं होतं. बळीरामभाऊ पिशव्या बघून म्हणाले, "बाई, ठरवा आता. डोंग्यात पोरगा बसोता का डबा?"

डोंगा मात्र बघण्यासारखा केला होता. बाहेरून निळा, वर पिवळी पट्टी, आणि मागच्या टोकाला सवयीने लिहिलेलं: हॉर्न ओके प्लीज. काठावरच्या पोरीबाळी हसून बेजार.

"काहून बे," बळीरामभाऊ म्हणाले, "मासे हॉर्न वाजवतीन का?"

"ओव्हरटेक करतीन तर वाजवाच लागंल," नयन म्हणाला.

मग म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होते. खोल डोहात वल्हं कसं मारायचं, उथळात बांबूने कसं रेटायचं, खडक आला की उतरून डोंगा दोरीने कसा ओढायचा, हे सगळं आधी शिकवून झालेलं होतं. रेती उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत, तिथे पाय टाकू नको म्हणाले. शेवटची गोष्ट मात्र त्यांनी त्याचं मनगट धरून सांगितली. "काठाले उतरला का पयले बांबू रोवाचा. डोंग्याच्या मुंड्याजवळ, समोरच्या टोकाले, रेतीत, उभा. मंग कुठं जायाचं तं जाय. हागाले जाय, गावात जाय, झोप. पण बांबू रोवल्याबिगर काठावर पाय नाई ठेवाचा."

"दोरीनं बांधला तं?" नयनने विचारलं.

"दोर त कोनी बी बांधते. व्हावून आलेला डोंगा दिसला तं मी बी बांधतो. बांबू त्याचा तोच रोवते. बांबू उभा दिसला का समजाचं, मानूस आपल्या पायानं उतरला."

नयनने मान हलवली. मी तेव्हा पिशवीतला चिवडा प्लास्टिकमध्ये बांधत होते. ऐकलं, आणि विसरले.

तो वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत उभी होते. त्याने एकदाच मागे बघितलं. नंतर बळीरामभाऊ म्हणाले, "बाई, घोर करू नका. आमचे सोयरे नदीच्या काठानंच बसले. वर बहीन, खाली साळा, त्याच्या खाली व्याही. मी सांगून ठेवतो. जिथं रात होईन तिथून तुमाले फोन येईन." नयनला हे सांगू नका, असं मी त्यांना म्हटलं. त्याला एकटं जायचं होतं.

आणि खरंच रोज फोन यायचे. अनोळखी माणसं, बोलण्यात जराही परकेपणा नाही. "पोरगं गेलं हो पुढं, दोन भाकरी जास्त खाल्ल्या." "आमच्या पोरीचं चित्र काढलं त्यानं, जाळ्यासंगट." एका बाईने तर मलाच दटावलं, "पोराले स्वेटर नाई देल्लं का वं माय? पहाटचा गारठा केवढा पडून राह्यला!" स्वेटर दिलं होतं. त्याने ते नक्की कोणाला तरी देऊन टाकलं असणार.

त्याचा स्वतःचा फोन क्वचितच लागायचा. समोरचा काठ तेलंगणाचा. कधी तिकडचा टॉवर पकडायचा, कधी कुठलाच नाही. पकडला की फोटो यायचे. ताडपत्रीच्या पट्टीचे फोटो. पहिला बघून मी थोडी नाराजच झाले. त्यात निळा रंग नव्हता. नदी मातकट हिरवी, मधे चुन्याचा पांढरा चट्टा, तो खडक असावा. काठ गेरूचे. पुढच्यात पाण्यावर वाकलेली जांभळं, आणि त्यांच्या सावल्या झाडांपेक्षा मोठ्या. एका फोटोत पाणकावळा पंख पसरून बसलेला, कोळशाने चारदोन रेघांत काढलेला. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. यार्डातल्या मोराचं पीसन्‌पीस मोजून घ्यावं असं असायचं. या पाणकावळ्याला पिसं नव्हतीच. पण तो ओला होता.

फोटोखाली दोन ओळी असायच्या. "आई, डोहात नदी काहीच बोलत नाही. खडकावर आली की बोलते." मी अंगठा पाठवला. खरं तर मला लिहायचं होतं की बाबा रे, उथळ पाण्याला खळखळाट फार असं आम्ही मुलांना शिकवतो आणि खोल पाण्याचं कौतुक करतो. पण खोल पाण्यात काय बुडालंय, ते कोण बघतं? एवढं लांब कसं लिहिणार? अंगठाच बरा.

काल बातमी कळली की रब्बीसाठी वरच्या धरणाचं पाणी सोडलंय. नदी थोडी चढेल. फार नाही, असं सगळेच म्हणाले.

आणि आज संध्याकाळी देवरावभाऊंचा फोन. हे बळीरामभाऊंचे व्याही. मागे भजन चाललं होतं, टाळांमध्ये त्यांचा आवाज बुडत होता. डोंगा घाटाखाली आहे म्हणाले. निळा आहे, मागे काहीतरी लिहिलंय, तोच. पोरगा दिसत नाही. "मी वरतूनच पाह्यलं, बाई. अंधार पडून राह्यलाता. गुडघ्यानं घाट उतरवत नाई मले. असंल इकडंतिकडं. सकाळी पाहतो."

मी काय विचारायला हवं होतं? हाक मारली का? कोणी खाली गेलं का? डोंग्यात काय आहे? मी काय विचारलं? मी म्हटलं, "गुडघा फार दुखतो का हो भाऊ?" त्यांना बरं वाटलं. त्यांनी सांगितलं. थंडीत जास्त दुखतो, पांढरकवड्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात, गोळ्यांनी पोट बिघडतं. मी एरंडाचं तेल गरम करून चोळा म्हटलं. मग, "बरं भाऊ, तुमचं भजन चालू आहे, सकाळीच बघा," असं म्हणून मी फोन ठेवला.

त्यानंतर नयनचा फोन लावत राहिले. बंद. बळीरामभाऊंचा लावला, तो लागला नाही. त्यांच्या गावात रात्री रेंज जाते, हे त्यांनीच सांगितलं होतं. याच्या बाबांना उठवलं. ते ट्रान्सपोर्टच्या वजनकाट्यावर कामाला आहेत, पहाटेची पाळी असते म्हणून लवकर झोपतात.

"अहो, देवरावभाऊ म्हणाले पोरगा दिसत नाही."

"ऐकलं न मी. डोंगा हाये नं घाटाले? मंग पोरगा बी असंल. देवळात झोपला असंल."

"आणि डोंगा पाण्याने वाहत आलेला असेल तर? काल पाणी सोडलंय."

ते उठून बसले. मग म्हणाले, "मंग लाव देवरावले. विचार."

"इतक्या रात्री? त्यांचा गुडघा..."

"तू बी अजबच हायेस," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, म्हणून जास्त लागला. "पोरगं बुडालं तरी लोकायची झोप मोडाची नाई. मायलेक दोघं बी विहिरीतले." मग पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. झोपलेले नाहीत. इथून त्यांचा श्वास ऐकू येतो, तो झोपेतला नाही. मला माझं मी ठरवू देत आहेत.

मग मी इथे येऊन बसले आणि हे लिहायला लागले. विहीर लिहिली, यार्ड लिहिलं, निघायचा दिवस लिहिला. बळीरामभाऊंनी त्याचं मनगट धरून काय सांगितलं ते लिहिताना हात थांबला. फोन उचलून त्याने पाठवलेले फोटो पुन्हा काढले. पहिल्या मुक्कामाचं चित्र: संध्याकाळची नदी, काठाला लागलेला डोंगा, आणि त्याच्या टोकाजवळ एक उभी काळी रेघ. इतके दिवस मला ते वाळकं झाड वाटत होतं. दुसऱ्या मुक्कामाचं चित्र. तिथेही रेघ. तिसऱ्यात डोंगा नुसता ठिपक्याएवढा, पण रेघ आहेच, डोंग्यापेक्षा मोठी काढलेली. प्रत्येक मुक्कामाला त्याने बांबू रोवला होता आणि तो रोवलेला चित्रात काढून मला पाठवला होता. आई, मी आपल्या पायाने उतरलो. त्याला जसं सांगता येतं तसं तो रोज सांगत होता, आणि मी अंगठे पाठवत होते.

आजचा फोटो आलेला नाही.

म्हणजे आता विचारण्यासारखं एकच आहे. बांबू उभा आहे की नाही. उभा असेल तर पोरगा देवळात, नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर झोपलेला आहे, आणि मी सकाळपर्यंत काय, आठवडाभर वाट बघीन. आडवा असेल, डोंग्यातच पडलेला असेल, तर आत्ता, या घटकेला माणसं उठायला हवीत, बत्त्या घेऊन वरच्या डोहापर्यंत जायला हवीत. कारण तो कुठेतरी खडकाला धरून गळाभर पाण्यात असेल, आणि आवाज देत नसेल. काठावरची माणसं झोपली आहेत न.

वरून अंधारात बांबू दिसणार नाही. कोणीतरी घाट उतरायला हवा. देवरावभाऊंना उतरवणार नाही, पण त्यांच्या घरात माणसं आहेत. भजनाला पंधरा-वीस तरी टाळकरी असतील. ते वैतागतील. बाई येडी हाये म्हणतील. उद्या बांबू उभा निघाला तर बळीरामभाऊंच्या सगळ्या सोयऱ्यांमध्ये माझी गोष्ट होईल, आणि नयनला कळेल की मी त्याच्या मागे अख्खी नदी लावून ठेवली होती. कळू दे.

याच्या बाबांनी भिंतीकडून तोंड वळवलंय. बघताहेत.

देवरावभाऊंचा नंबर काढला आहे. पहिल्या रिंगला नाही उचलला तर पुन्हा लावीन, उचलेपर्यंत लावीन. आणि उचलला की आधी गुडघ्याचं विचारणार नाही.